मोठ्या फुलाची बहुवर्षायू जास्वंद: इंदुरात छाटणी कधी, किती?

गच्चीबाग, सुदामानगर
चौदा इंची कुंडीत मॉस्कुटोस जातीची, ताटलीएवढ्या फुलांची जास्वंद आहे. डिसेंबरात पानं झडली. आता फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नुसत्या वाळक्या काड्या उभ्या आहेत, खरवडलं तरी आत हिरवं नाही. झाड गेलं का? शेजारची लाल देशी जास्वंदही अशीच छाटू का? तिच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. दोन्हींना महिन्याला चमचाभर डीएपी खत घालते.

माळीकाम, राजेंद्रनगर
ताई, खरवडून काही कळणार नाही. या जातीच्या काड्या थंडीत मरतातच, जीव जमिनीखालच्या खोडात असतो. मातीपासून चार ते सहा इंच ठेवून बाकी काड्या धारदार कात्रीने कापा. खुंट मुद्दाम ठेवायचे, कोंब कुठून येणार ते त्यावरून कळतं. खुंटाजवळ खुरपं चालवू नका, कोवळे कोंब तुटतात. कोंब उशिरा फुटतात, म्हणून रंगपंचमी उलटेपर्यंत तरी कुंडी रिकामी करू नका. तोवर माती जेमतेम ओलसर ठेवा. पानं नसताना भरपूर पाणी घातलं तर मूळ कुजतं, आपल्या काळ्या मातीत तर लवकरच.

कोंब फुटले की मात्र पाणी वाढवा. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या दलदलीतलं झाड आहे हे, एप्रिल-मेच्या उन्हात रोज पाणी लागतं. फांद्या वीतभर झाल्या की शेंडे खुडा. फुलं नव्या वाढीवरच येतात, त्यामुळे जास्त फांद्या म्हणजे जास्त कळ्या. बहर थोडा लांबतो, एवढंच.

कुंडीतला, अन्नपूर्णा रोड
दादांनी सांगितलेली छाटणी देशी जास्वंदीला लावू नका! ती सदाहरित आहे, तळापासून कापली तर सावरायला फार वेळ घेते. थंडी ओसरली की फक्त एक तृतीयांश, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या गाठीच्या) पाव इंच वर तिरका काप.

कळ्यांसाठी आधी देठाशी पांढरा कापूस दिसतो का बघा. दिसला तर ती पिठ्या ढेकूण ही कीड. लिटरभर कोमट पाण्यात २ मिली साबणद्राव, मग ५ मिली नीमतेल, हलवून संध्याकाळी फवारा, सात दिवसांच्या अंतराने तीनदा. दुपारी फवारलं तर पानं भाजतात. मुंग्याही हटवा, त्याच किडीला राखतात. कीड नसेल तर पाण्याचा अनियमितपणा तपासा: कुंडी एकदा कोरडी ठाक, एकदा चिखल, तर कळी टिकत नाही.

डीएपी दोन्हींना बंद करा. त्यात ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस) असतं आणि जास्वंदीला जास्त स्फुरद सोसत नाही, लोह उचलता येत नाही. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर हेच कारण.

गच्चीबाग, सुदामानगर
नव्या पानांच्या शिरा हिरव्याच आहेत. लोह कोणतं देऊ?

कुंडीतला, अन्नपूर्णा रोड
चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं), लिटरला अर्धा ग्रॅम, पानांवर, पंधरा दिवसांनी पुन्हा. नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) आपल्या चुनखडीच्या मातीत घालून उपयोग नाही, तिथेच अडकून बसतं.