नाताळचं झाड न् सांता आले कुठून? बायबलमधी त सापडत नाही

वावरवाला (परतवाड्याजवळ)
राम राम मंडळी. आमची पोरगी सहावीत हाय, तिले शाळेत नाताळवर पाच मिनिटं बोलाचं हाय. मॅडमनं सांगतलं जन्माची गोष्ट सगळेच सांगतात, तू प्रथा कुठून आल्या ते सांग. आता मोबाइलवर पाहाव त एक जण म्हणते सगळं रोमन लोकायचं चोरलेलं हाय, दुसरा म्हणते सांता कोल्ड्रिंकवाल्यायनं काढला. शेजारच्या काकाजीचं बायबल आणून मत्तय न् लूक वाचलं, त्यात ना तारीख ना झाड. खरं काय ते सांगा बाप्पा, पोरगी उलटसुलट बोलली त मॅडम मलेच बोलावन.

हुरडा_पार्टी
तारखेचं सांगतो. 25 डिसेंबरले येशूजन्म, याची सगळ्यात जुनी नोंद रोममधल्या 354 सालच्या एका पंचांगवजा संग्रहात हाय, त्यातली यादी 336 ची धरतात. चोरीवाले म्हणतात सॅटर्नेलिया या रोमन सणावरून घेतलं, पण तो 17 डिसेंबरले सुरू होऊन 23 पर्यंत आटपे, 25 ले नाहीच. ऑरेलियन या रोमन बादशानं 274 मधी सूर्यदेवाचं मंदिर बांधलं हे खरं, पण 25 ले सूर्याचा वाढदिवस ही नोंदबी त्याच 354 च्या संग्रहात सापडते, मंग कोणी कोणाचं घेतलं कसं सांगाव? दुसरा हिशेब असा की मरियेच्या पोटी गर्भ राह्यला तो दिवस 25 मार्च धरला, त्यात नऊ महिने मिळवा. रोमन पंचांगात मोठी रात्र 25 डिसेंबरलेच मानत, खरी मोठी रात्र तवाच तीन-चार दिवस आधी सरकली होती. आपली संक्रांत नाही का 14 जानेवारीवर गेली, सूर्य त 22 डिसेंबरलाच वळते.

गव्हाणीवाली
आमच्या घरी नाताळ असतो म्हणून लिहिते. झाड जर्मन भाषिकांकडून आलं. तिकडे 24 डिसेंबर आदाम-हव्वेचा दिवस, त्याच्या नाटकात सफरचंदं लटकवलेलं झाड उभं करायचे, बहुतेक तेच पुढे घरात आलं. स्ट्रासबुर्गमधे 1605 साली लोक दिवाणखान्यात झाड ठेवून कागदी गुलाब न् सफरचंदं बांधायचे असं लिहून ठेवलेलं आहे. इंग्लंडमधे 1848 ला राणी व्हिक्टोरिया न् अल्बर्टचं झाडासकट चित्र पेपरात छापून आलं न् मग घरोघरी फॅड पसरलं. आपल्याकडे ते झाड कुठलं, आम्ही सुरूची फांदी बादलीत रोवतो.
गव्हाणीचा देखावा मात्र 1223 चा, इटलीत ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसनं खरा बैल न् खरं गाढव उभं करून केला. गंमत म्हणजे लूकमधे गव्हाण आहे पण बैलही नाही न् गाढवही नाही, आणि मत्तयमधे मागी लोक (तारा पाहून बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) तीनच होते असं कुठंच नाही, भेटी तीन म्हणून माणसं तीन केली.

बिनपाण्याचा_नाला
कायले एवढी मेहनत भाऊ, सांता कोकाकोलाचा हाय, विषय संपला.

हुरडा_पार्टी
नाही ना राजेहो. कोकाकोलाची ती चित्रं 1931 पासूनची, सांता त्याच्या कितीतरी आधीचा. मुळात तो निकोलस नावाचा बिशप, म्हंजे मोठा ख्रिस्ती धर्मगुरू, चौथ्या शतकातला, मायरा गावचा, आता ते तुर्कस्तानात येते. त्याची दंतकथा मस्त हाय, एका गरीब बापाजवळ तीन पोरीयच्या हुंड्याले पैसे नव्हते, यानं रात्री गुपचूप घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. पोरीले हेच सांगाले लाव, आपल्याकडं हुंडा म्हटलं की सगळ्यायले समजते. त्याचा सण 6 डिसेंबर, डच लोक त्याले सिंटरक्लास म्हणत, त्याचंच पुढं सांताक्लॉज झालं. 1823 मधी न्यूयॉर्क राज्यातल्या एका पेपरात कविता आली, आठ रेनडियर न् चिमणीतून उतरणं तिच्यामुळेच गाजलं, मंग 1863 पासून थॉमस नास्ट या अमेरिकन व्यंगचित्रकारानं सांताची चित्रं काढली. कोकाकोलानं फक्त जाहिरात केली, पण अशी केली का लोकायले तोच बाप वाटते.

वावरवाला
बम्म माहिती देल्ली, धन्यवाद. चर्चवर चांदणी लावतात ते?

गव्हाणीवाली
तारा मत्तयमधलाच आहे, तो बिनधास्त सांगा. कामट्या न् पतंगी कागदाची चांदणी आम्ही घरीच करतो. आणि वेळ उरला तर हेही सांगा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधे 1659 ते 1681 नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता, न् तो कायदा प्युरिटन म्हणजे कडक ख्रिस्ती पंथाच्या लोकांनीच केलेला, कारण हेच की बायबलात हे नाही. तुमच्यासारखेच होते ते भाऊ 😄