निवडणुकीच्या मराठीत स्त्री कोण: उमेदवार, ताई की वहिनी?

विचारणा

निवडणुकीच्या बातम्या आणि प्रचारपत्रके यांच्या भाषेविषयी दोन शंका आहेत. 'उमेदवार', 'मतदार', 'आमदार', 'खासदार', 'सरपंच', 'महापौर' हे शब्द स्त्री आणि पुरुष दोघांसाठीही चालतात, तरी स्त्री उभी असली की 'महिला उमेदवार' असे आवर्जून लिहिले जाते आणि 'पुरुष उमेदवार' मात्र कोणी लिहीत नाही. 'नगरसेवक'चे 'नगरसेविका' होते, 'अध्यक्ष'चे 'अध्यक्षा' कधी होते आणि कधी होत नाही, 'आमदार'चे तर काहीच होत नाही. यामागे नियम आहे की केवळ सवय? दुसरी शंका अशी की, उमेदवार स्त्री आहे की पुरुष यावरून मतदाराचे मन कसे बदलते, हे मांडताना 'लिंग' लिहावे की 'लिंगभाव', आणि मतदाराच्या त्या मनोवृत्तीला काय म्हणावे?

प्रतिसाद

नियम आहे, पण तो व्याकरणापेक्षा इतिहासाने घातलेला आहे. संस्कृतातून आलेल्या 'सेवक', 'संपादक', 'संयोजक' अशा शब्दांचे 'इका' लावून स्त्रीलिंगी रूप सहज होते, म्हणून 'नगरसेविका' हा शब्द विनासायास रुळला. 'दार' आणि 'वार' हे फारसीतून आलेले प्रत्यय असलेल्या शब्दांना मराठीने 'ईण' लावून पाहिले होते, परंतु तेथे अर्थ वेगळा झाला. सुभेदारीण म्हणजे सुभेदाराची बायको, जमीनदारीण म्हणजे बहुधा जमीनदाराची बायको आणि पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. पद नवऱ्याचे आणि त्याची सावली बायकोवर, असा या रूपांचा अर्थ आहे. 'डॉक्टरीणबाई' म्हटले की त्या स्वतः डॉक्टर आहेत की डॉक्टरांच्या पत्नी, हे अजूनही संदर्भावरून ठरवावे लागते. अशा परिस्थितीत 'आमदारीण' हा शब्द घडवला असता, तर ऐकणाऱ्याने आधी तिचा नवरा शोधला असता. त्यामुळे 'आमदार' हा शब्द आहे तसा ठेवून लिंग क्रियापदावर सोपवण्याची जी रीत पडली, ती मला शहाणपणाची वाटते. 'उमेदवार विजयी झाल्या' या वाक्यात काहीही कमी नाही.

म्हणून 'महिला उमेदवार' हा प्रयोग जेथे ती माहितीच सांगायची आहे तेथेच करावा. २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ जागांवर महिला उमेदवार निवडून आल्या, या वाक्यात 'महिला' आवश्यक आहे. 'महिला उमेदवाराने पाणीप्रश्नावर भाषण केले' या वाक्यात तो शब्द आवश्यक नाही.

'नेता' या शब्दाची गंमत वेगळी आहे. त्याचे शुद्ध स्त्रीलिंगी रूप 'नेत्री', आणि 'अभिनेत्री' आपण रोज म्हणतो, पण राजकारणात 'नेत्री' फारसा चालला नाही. त्याऐवजी वर्तमानपत्रांनी 'ज्येष्ठ नेत्या' हे आदरार्थी रूप चालवले. त्याचे एकवचन विचारले तर कोणालाच सांगता येणार नाही. एकेरीत उल्लेख करण्याची सोयच नसलेला असा दुसरा शब्द मला आठवत नाही, आणि तो नेमका सन्मानाच्या बाजूने चुकला याचे मला वाईट वाटत नाही.

'सभापती' आणि 'राष्ट्रपती' यांतील 'पती'बद्दल २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा बराच खल झाला. 'पती' म्हणजे येथे स्वामी किंवा प्रमुख, आणि पद हे पद असते, म्हणून शब्द तसाच राहिला. २०२२ मध्ये एका खासदाराच्या तोंडून 'राष्ट्रपत्नी' असा उच्चार झाला, त्यावर संसदेत गदारोळ झाला आणि त्यांना लेखी माफी मागावी लागली.

आक्षेप

प्रत्ययांची चर्चा उद्बोधक आहे, परंतु प्रचारात हे शब्द वापरतो कोण? सभेच्या मांडवात 'उमेदवार' हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तेथे 'ताई', 'वहिनी', 'अक्का', 'माई' यांचेच राज्य असते. आणि त्यात स्त्रियांवर अन्याय होतो असेही म्हणता येत नाही, कारण पुरुषही 'दादा', 'भाऊ', 'अण्णा', 'तात्या', 'बापू' असतातच. नात्याने हाक मारणे ही मराठी माणसाची आपुलकीची रीत आहे. तिच्यात लिंगभेद शोधणे म्हणजे उगाच कीस काढणे नव्हे काय?

प्रतिसाद

'ताई' आणि 'दादा' ही जोडी बरोबरीची आहे, हे मान्य. आक्षेप घेणाऱ्यांनी ज्या यादीत 'ताई' आणि 'वहिनी' शेजारी ठेवल्या, त्याच यादीत मात्र फरक दडलेला आहे. 'ताई' हा माहेरचा शब्द आहे. ती त्या घरात जन्मली, म्हणून ती ताई. 'वहिनी' हा सासरचा शब्द आहे. ती वहिनी आहे, कारण आधी कोणीतरी दादा किंवा भाऊ आहे. महाराष्ट्राच्या राजकारणातील नावे आठवून पाहिली तर पुढाऱ्यांच्या मुली 'ताई' म्हणून आणि पुढाऱ्यांच्या पत्नी 'वहिनी' म्हणून उभ्या राहतात, असेच बहुतेक वेळा दिसेल. आता पुरुषाच्या बाजूने पाहावे. बायकोच्या नात्याने ज्याला हाक मारली जाते असा 'दाजी' किंवा 'भावजी' प्रचाराच्या फलकावर कोणी पाहिला आहे काय? 'जावई' हा शब्द प्रचारात येतो, पण बहुधा टोमणा म्हणून. सून असणे ही उमेदवारीची पात्रता ठरते आणि जावई असणे हा आरोप ठरतो.

२०२४ ची बारामतीची लोकसभा निवडणूक या दृष्टीने अभ्यासण्यासारखी होती. सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार या दोन उमेदवारांची लढत 'नणंद विरुद्ध भावजय' आणि 'लेक की सून' अशा मथळ्यांनी रंगवली गेली. पवार आडनावालाच मत द्या, असा एका बाजूचा सूर होता. त्यावर शरद पवार यांनी मूळचे पवार आणि बाहेरून आलेले पवार असा भेद केला, आणि मग कित्येक दिवस सून ही बाहेरची असते काय, यावरच प्रचार चालला. यातला भाषिक पेच असा की, जिचे आडनाव लग्नाने बदलले ती 'घरची' ठरत होती आणि जिचे आडनाव लग्नाने तेच झाले ती 'बाहेरची'. दीड लाखांहून अधिक मतांनी सुळे विजयी झाल्या. मतदारांनी लेक निवडली की तीन वेळा निवडून आलेली खासदार, हे त्या मथळ्यांच्या शब्दसंग्रहात सांगण्याची सोयच नव्हती.

नात्यावरून ओळख ठरण्याचा हा प्रश्न मतदाराच्या बाजूने आणखी जुना आहे. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मालमत्तेच्या निकषावर मतदार ठरलेल्या पुरुषाच्या पत्नीला, पत्नी म्हणूनही, मताधिकार मिळण्याची वाट उघडली. स्वतंत्र भारतात ही अट गेली आणि प्रत्येक प्रौढ स्त्री स्वतःच्या अधिकारात मतदार झाली. मात्र १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या होऊ लागल्या तेव्हा, विशेषतः उत्तरेकडील राज्यांत, लाखो स्त्रियांनी नावच सांगितले नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली. पत्नी आहे म्हणून मत मिळण्याचा काळ आणि केवळ 'पत्नी' म्हणून नोंदल्यामुळे मत जाण्याचा काळ यांत पंधरा-सोळा वर्षांचेच अंतर आहे. सेन यांचा निर्णय त्या क्षणी कठोर होता, तरी मला तो योग्य वाटतो, कारण त्यानंतरच्या याद्यांत नावे आली.

आजच्या मतदार यादीतील एक चौकट पाहिली तर स्त्रीचे नाव आधी आणि त्याखाली पतीचे किंवा वडिलांचे नाव असते. प्रचारफलकावर हा क्रम पुष्कळदा उलटतो. राखीव प्रभागातील फलकावर 'सौ.' लावलेले नाव, हात जोडलेला एक संकोचलेला चेहरा, आणि शेजारी त्याहून मोठ्या आकारात पतिराजांचे छायाचित्र, कपाळी गंध आणि डोळ्यांवर काळा चष्मा. 'श्रीमती' लिहिले तर वैधव्याची शंका येते म्हणून 'सौ.' हवेच, आणि पुरुषाच्या 'श्री.'वरून त्याचे लग्न झाले आहे की नाही ते कळत नाही, हा तर वेगळ्या चर्चेचा विषय आहे.

पुरवणी

राखीव प्रभागांचा उल्लेख आलाच आहे, तर त्याभोवती तयार झालेली बोलीही नोंदवून ठेवावी. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिका यांत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्मे केले. सोडत निघाली की कार्यकर्ते म्हणतात, 'वॉर्ड महिला पडला'. 'पडला' हे क्रियापद मराठीत दुष्काळ, दरोडा आणि भाव यांच्यासोबत येते, आणि येथेही बोलणाऱ्याचा चेहरा तसाच असतो. मग पुढचे वाक्य येते: 'आता वहिनींना उभं करावं लागेल'. पुरुष निवडणुकीला उभा राहतो आणि स्त्रीला उभे केले जाते. क्रिया दुसऱ्याकडून करवून घेण्याचे, व्याकरणात ज्याला प्रयोजक म्हणतात ते रूप येथे किती नेमके बसले आहे, हे पाहून थक्क व्हायला होते. निवडून आल्यावर 'सरपंचपती' आणि 'नगरसेविकापती' हे सामासिक शब्द जन्माला येतात. पाटलीण या शब्दाचे ते आरशातील प्रतिबिंब आहे, फक्त पाटलिणीने गावचा कारभार हाती घेतल्याचे सहसा ऐकिवात नसे.

मात्र 'उभे केलेल्या' सगळ्याच स्त्रिया तशाच राहिल्या असे मानणे चूक ठरेल. पुष्कळ जणी दुसऱ्या खेपेस खुल्या जागेवरून स्वतःच्या बळावर लढल्या. तेव्हा त्यांच्याविषयी 'उभ्या राहिल्या' असेच म्हटले जाते.

प्रश्न

'लाडकी बहीण' या शब्दाबद्दल कोणीच बोलले नाही. त्यात मतदार स्त्रीचा सन्मान आहे की नाही?

प्रतिसाद

आपुलकी निश्चित आहे. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये 'लाडली बहना' आली, महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेपूर्वी 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली आणि पात्र स्त्रियांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. शासकीय परिभाषेत अशा व्यक्तीला 'लाभार्थी' म्हणतात आणि त्या शब्दाला ना रूप ना रस. त्यापुढे 'बहीण' किती जवळचा वाटतो, हे ज्याने नाव ठेवले त्याला पक्के ठाऊक होते. पण बहिणीला भाऊ देतो ती ओवाळणी असते, आणि ओवाळणीचा हिशेब मागायचा नसतो. नागरिकाला शासन देते ते धोरण असते, त्याचा हिशेब मागता येतो. बहिणीने मत दिले नाही तर ती रुसली किंवा फितूर झाली असे म्हणता येते. मतदाराने मत दिले नाही तर त्याने केवळ दुसरा पर्याय निवडलेला असतो. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत स्त्रियांच्या मतदानाची टक्केवारी देशभरात प्रथमच पुरुषांपेक्षा किंचित पुढे गेली, ६७.१८ विरुद्ध ६७.०१, आणि २०२४ मध्येही ती पुढेच राहिली. हे मत कोणाच्या तरी सांगण्यावरून पडते, असे गृहीत धरणारी भाषा मागे पडून तिला थेट हाक मारणारी भाषा आली, ती या आकड्यांमुळे. हाक कोणत्या नात्याने मारली, हा मुद्दा मग उरतोच.

प्रतिसाद

नात्यातून बाहेर पडलेल्या स्त्रीसाठी प्रचाराच्या भाषेत फार थोड्या जागा आहेत, असे माझे निरीक्षण आहे. एक जागा देवीची: रणरागिणी, दुर्गा, वाघीण. दुसरी जागा वस्तूची. इंदिरा गांधी यांना राममनोहर लोहिया यांनी 'गूंगी गुडिया' म्हटले आणि १९७१ च्या युद्धानंतर त्याच 'दुर्गा' झाल्या. मुकी बाहुली आणि महिषासुरमर्दिनी यांच्या मधोमध 'पंतप्रधान' नावाचा एक साधा शब्द होता.

वस्तूच्या जागेचे अलीकडचे उदाहरण २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतील आहे. मुंबईतील एका उमेदवार स्त्रीला उद्देशून प्रतिपक्षाच्या नेत्याने 'इम्पोर्टेड माल' असे शब्द वापरले. आपल्या आघाडीच्या पुरुष उमेदवाराला आपण 'ओरिजनल माल' म्हटले होते, तेव्हा शब्द दोघांना सारखाच लावला, असा बचाव त्यांनी केला. गुन्हा दाखल झाल्यावर पुढे खेदही व्यक्त केला. कोशात पाहिले तर 'माल' या शब्दाला लिंगभेद नाही. रस्त्यावर तो शब्द कोणाच्या मागून उच्चारला जातो, हे मात्र प्रत्येक मुलीला माहीत असते, आणि शब्दाचा अर्थ ठरवताना तो अनुभव बाजूला ठेवता येणार नाही. पुरुषाला हिणवायचे झाले तरी उपमान स्त्रीचेच लागते. 'हातात बांगड्या भरा' हे वाक्य पुरुष नेते म्हणतात ते समजते, पण मोर्चात बांगड्यांचा आहेर घेऊन जाणाऱ्या महिला आघाड्यांनी त्याचा थोडा विचार करावा.

समारोपादाखल मूळ विचारणेतील दुसरी शंका

शरीराची ओळख किंवा अर्जातील रकाना असेल तेथे 'लिंग', आणि समाजाने त्या ओळखीला चिकटवलेल्या अपेक्षांविषयी बोलायचे असेल तेथे 'लिंगभाव', हा अभ्यासकांत रुळलेला भेद पाळावा. मतदारांच्या मनोवृत्तीसाठी मात्र एकच शब्द पुरत नाही. पश्चिम बंगालमध्ये अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे उपयोगी पडतो. गावकऱ्यांना एकच भाषण काहींना पुरुषाच्या आणि काहींना स्त्रीच्या आवाजात ऐकवले गेले. जेथे सरपंचपद स्त्रीसाठी कधीच राखीव झाले नव्हते, तेथील पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातील तेच भाषण कमी प्रभावी ठरवले. जेथे आरक्षणामुळे स्त्रीचा कारभार पाहिलेला होता, तेथे हा फरक उरला नव्हता. तरीसुद्धा 'नेता पुरुष असावा असे वाटते का' या थेट प्रश्नाची उत्तरे फारशी बदलली नव्हती. म्हणजे स्त्रीला काम जमणार नाही हा समज गेला होता आणि पुरुष नेता बरा ही आवड टिकून होती. पहिल्यासाठी 'पूर्वग्रह' आणि दुसऱ्यासाठी 'पसंती' किंवा 'कल' हे शब्द मराठीत तयारच आहेत. 'मतदारांची मानसिकता' असे मोघम लिहिले की दोन्ही एकाच पोत्यात जातात आणि त्यांपैकी कोणते बदलले, ते वाचकाला कळत नाही.