मानेचं पॅल्पेशन (हाताने चाचपणं): बोटांना काही कळतच नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मूळची सांगलीची, सध्या इंग्लंडमध्ये कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे हातांनी मणके-सांध्यांवर उपचार करायच्या शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. (घरी अजूनही "मान मोडायला शिकायचे एवढे पैसे?" असं विचारतात, पण तो धागा वेगळा काढावा लागेल.) तीन आठवड्यांवर प्रात्यक्षिक परीक्षा आली आहे आणि मानेवर माझी गाडी अडली आहे.

मानेचे सात मणके, वरून खाली सी१ ते सी७. त्यातला सी२ सापडतो. डोक्यामागच्या उंचवट्यावरून बोट मधोमध खाली घसरवलं की खळगा लागतो, त्यानंतर पहिलं ठसठशीत टोक लागतं तो सी२. सी१ला मागे टोक नसतंच, त्याची बाजू कानामागचं हाड आणि जबड्याचा कोपरा यांच्यामध्ये हाताला लागते. सी७सुद्धा जमतो: मान मागे झुकवायला सांगितली की सी६ बोटाखालून पुढे सरकून हरवतो, सी७ जागेवर राहतो. घोळ मधल्यांचा. ते आत दडलेले असतात.

गेल्या गुरुवारी माझा पार्टनर होता एक वजनं उचलणारा गडी, मान म्हणजे वाड्याचा खांब. मी पेन्सिलने सी५वर ठिपका दिला. सरांनी चाचपून "हा सी४" म्हटलं. दहा मिनिटांनी मॅडम आल्या, त्यांच्या मते सी५च. ठिपका तोच!

हालचाल तपासताना तर आणखी वाईट. पार्टनर उताणा, डोकं माझ्या दोन्ही हातांत, तर्जनीची कड मणक्याच्या बाजूला, आणि एकेक मणका आडवा सरकवून बघायचा. बाकीचे लगेच "उजवीकडे अडकलंय" म्हणतात. मला सगळं सारखंच लागतं. मग मी सरांच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देते आणि बऱ्याचदा बरोबर येतं. याचीच लाज वाटते.

कागदाखाली केस ठेवून शोधायचा सराव केला, ११ पानांखालचा सापडतो. मानेत त्याचा उपयोग शून्य. बोटं बथ्थड आहेत की आणखी काही चुकतंय?

– कृष्णाकाठ

जुनाखांदा: मी फिजिओ, नाशिक. ताई, चाचपताना नखं पांढरी पडतात का बघा. पडत असतील तर दाब जास्त होतोय. जोर लावला की समोरच्याचे स्नायू घट्ट होतात आणि तुम्हाला स्नायूच लागतात, हाड नाही. आंबा पिकलाय का बघताना आपण दाबतो का? नुसता अंगठा टेकवतो. मधले मणके बसवून शोधू नका, उताणं झोपवा, मानेमागचे स्नायू सैल पडतात. आणि मोजणी दोन्हीकडून करा, सी२वरून खाली, सी७वरून वर. मध्ये गाठ पडली नाही तर कुठेतरी एक मणका चुकलाय. पुढून पडताळा हवा असेल तर क्रिकॉइड कूर्चा (गळ्याच्या घाटीखालचं कुर्चेचं कडं) साधारण सी६च्या पातळीला येते, फक्त दोन्ही बाजूंच्या कॅरोटिड (गळ्यातल्या मोठ्या धमन्या) एकाच वेळी दाबू नका.

चहाबाज: शिकाऊ माणसाच्या हातात मान द्यायची? आमचा न्हावी बरा!

कृष्णाकाठ: @चहाबाज, अजून आम्ही फक्त चाचपतो, झटका देत नाही. आणि न्हाव्याचा झटका खरंच नको, मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला इजा झाल्याच्या घटना आहेत. आम्हाला पहिल्या दिवसापासून बजावलंय: अचानक सुरू झालेलं, आधी कधीच न झालेलं मानेचं दुखणं आणि सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं किंवा बोबडी वळणं असेल तर मानेला हात लावायचा नाही, तातडीने हॉस्पिटल.
@जुनाखांदा, नखं पांढरी पडतात. आत्ताच बघितली.

मेलबर्नकर: मी कायरोप्रॅक्टर, बरीच वर्षं झाली. अगं, तुझी बोटं ठीक आहेत. कुठला मणका "अडकलाय" यावर दोन अनुभवी माणसांचंही एकमत फारसं होत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. कुठे दाबल्यावर दुखतं यावर त्या मानाने जास्त होतं. म्हणून पेशंटलाच विचार, "इथे दुखतंय का? नेहमीचं दुखणं हेच का?" सी१-सी२साठी मान पूर्ण पुढे वाकवून, तशीच ठेवून फिरव. दोन्ही बाजूंना साधारण ४४ अंश फिरायला हवी. हे मोजता येतं. मान फिरण्यातला जवळजवळ निम्मा वाटा त्या एका सांध्याचा असतो, त्यामुळे तिथे फरक असला तर कळतो.

सरांच्या चेहऱ्याकडे बघणं मात्र बंद कर. डोळे मीट, आधी स्वतःचं उत्तर कागदावर लिही, मग विचार. परीक्षेत "सी४-सी५च्या आसपास, उजवीकडे, दाबल्यावर दुखरं" एवढंच सांग. मी परीक्षक असते तर तेवढ्यावर मार्क दिले असते.

कृष्णाकाठ: काल तसंच केलं. सहा माना, सहा चिठ्ठ्या, डोळे मिटून. सरांशी तीन जुळल्या. मग मॅडमना न सांगता त्याच सहा माना दाखवल्या. त्यांच्याशीही तीनच, पण वेगळ्या तीन.