दानधर्म नव्हे, मालकी

चर्चने घरं बांधणं म्हणजे शेवटी दानधर्मच, हे मत बरेचदा ऐकू येतं, पण मला ते अजिबात पटत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली ‘नहेम्या’ नावाच्या योजनेतली घरं बघा. १९८०च्या दशकात तिथल्या ब्राउन्सव्हिल या कृष्णवर्णीय वस्तीत ओसाड प्लॉट पडून होते. तिथल्या चर्चेसनी संघटना बांधून पालिकेकडून जमीन मिळवली, शिवाय दर घरामागे १०,००० डॉलरचं बिनव्याजी कर्ज. बांधकामाचा पैसा चर्चेसनी कर्जाऊ उभा केला. घर विकलं की तोच पैसा पुढच्या घरांना! किंमत साधारण ५०,००० डॉलर, आणि गिऱ्हाईक घरकर्जाचे हप्ते भरणारं, म्हणजे मालकच. दुमजली घरांच्या रांगांऐवजी उंच इमारतींत जास्त कुटुंबं मावली असती, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तरी स्वतःचं दार, स्वतःचं अंगण मिळालेली माणसं वस्ती सोडून जात नाहीत, असं मला मनापासून वाटतं.