सेवेच्या वाटेवरची सुट्टी: तुमच्या घरात ती कशी असायची?

मे महिना लागला की माझ्या वर्गातल्या मुली मामाच्या गावाला निघायच्या आणि आम्ही सभांना. बाबा पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू. जिल्ह्यातल्या चार मंडळ्या, म्हणजे चार गावांतले चर्चचे लोक, त्यांच्याकडे होत्या, त्यामुळे सुट्टी म्हणजे कुठे संजीवन सभा, कुठे मुलांची सुट्टीतली शब्बाथशाळा. एक ट्रंक, एक वळकटी, बाजाची पेटी आणि आम्ही तिघं भावंडं, एवढं सगळं एसटीत चढायचं. पेटीचं वेगळं तिकीट काढावं लागायचं, म्हणून आई कंडक्टर दिसला की आधी पेटीच पुढे करायची. लपवायचं नाही, हा तिचा नियम.

गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीच्या तरुण पाळकीणबाई जवळ आल्या. कडेवर दोन वर्षांचं लेकरू, मोठा पदराला धरून. म्हणाल्या, "ताई, तुमच्या आई सुट्टीचं कसं जमवायच्या हो? आमच्या लग्नाला सात वर्षं झाली, अजून चौघं मिळून कुठं गेलो नाही." मला पटकन काही सांगता आलं नाही. आईला विचारायची सोय आता राहिलेली नाही. म्हणून इथे विचारते.

आपल्या कोल्हापुरात हे फिरणं नवं नाही. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर इथे आले आणि गावोगाव फिरले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरातच जन्मला, आणि पुढे १८८६-८७ मध्ये तोही अमेरिकेतल्या कॉलेजांतून फिरत राहिला, तरुणांना मिशनसेवेसाठी बोलावत. त्या घरातल्या लेकरांच्या सुट्ट्या कशा गेल्या असतील, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

माझी एक आठवण आधी सांगते. मी नऊ वर्षांची. वेंगुर्ल्याला तीन दिवसांच्या सभा होत्या. समुद्र चालत दहा मिनिटांवर, आणि आम्ही तो कधीच बघितलेला नव्हता. रोज ठरायचं, उद्या जाऊ. शेवटच्या दिवशी सातची गाडी. आईनं आम्हाला अंधारातच उठवलं. बाबा रात्री अकरापर्यंत बोलून दमून झोपले होते, त्यांना उठवलं नाही. वाळूवर पोचल्यावर आईनं चपला हातात घेतल्या, साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि सरळ पाण्यात गेली. लाट आली की ती ओरडायची. माझी आई ओरडते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. आंबोलीचा घाट चढताना माझ्या मोज्यांतून वाळू बाहेर आली. बाबांनी ती बोटानं टिपली, बघितली. आजरा येईपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "मला का नाही उठवलं?"

आम्ही सगळ्यांनी धरूनच चाललो होतो की त्यांना सुट्टी नकोच असते.

पाळक, गावोगाव सुवार्ता सांगणारे सुवार्तिक, घरोघरी बायबल शिकवणाऱ्या बायबलबाया, गाण्याच्या संचातली माणसं आणि मुख्य म्हणजे त्यांची मुलंबाळं, सगळ्यांनी लिहा. गोड तेवढंच लिहायला पाहिजे असं नाही.

गडहिंग्लजहून, सुवार्तिकाची बायको

ताई, तुमच्या आईंची पेटीची गोष्ट वाचून डोळे भरून आले. माझं सांगते. आम्ही चंदगड, आजरा, भुदरगड या भागात बावीस वर्षं फिरलो. मुलं लहान असताना आज या घरी, उद्या त्या घरी झोप. धाकटा रात्री उठून रडायचा, कुठं आहोत तेच त्याला कळायचं नाही. मग मी माझ्या आईच्या जुन्या लुगड्यांच्या दोन वाकळा शिवल्या, दोघांना दोन. कुठल्याही गावात, कुठल्याही सोप्यात अंथरूण पडू दे, अंगावर वाकळ तीच. कडेला हिरव्या लुगड्याचा एक तुकडा होता, तो मुठीत धरून झोपायचा. त्यानंतर रडणं थांबलं. पुण्याला कामाला गेला तेव्हा बाकी काही नेलं नाही, वाकळ नेली.

दुसरं जेवणाचं. पाळक येणार म्हटलं की कोंबडी कापलीच. ज्या बाईनं अंड्यांसाठी ती कोंबडी पाळलेली असते, तीच कापते. नको म्हणावं तर तिचा अपमान, खावं तर घास उतरत नाही. आणि रोज तिखट रस्सा खाऊन मुलांची पोटं बिघडायची. मी शेवटी पोचल्या पोचल्या सरळ सांगायला लागले, "मावशी, लेकरांना ताकभात करा, आज तेवढंच मागते." ज्या घरात माझ्या लेकरांना ताकभात मिळाला, त्या घरांशी आजही येणंजाणं आहे.

सुट्टी? आमचा सोमवार. रविवारी तीन ठिकाणी उपासना झालेल्या असायच्या. सोमवारी यांनी फोन घ्यायचा नाही आणि मी चूल पेटवायची नाही. भडंग, केळी, दूध. मुलांना तो वार दिवाळीसारखा वाटायचा.

पाळकांचा मुलगा, आता पुण्यात

मी गोड लिहू शकणार नाही. माझा वाढदिवस २६ डिसेंबरला. डिसेंबर उजाडला की रोज रात्री घरोघरी नाताळची गाणी, मग नाताळची उपासना, आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन. २६ तारखेला बाबा तापानं फणफणलेले असायचे. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी शब्द दिला होता की या वर्षी रंकाळ्यावर जायचं, होडीत बसायचं, भेळ खायची. मी नवा शर्ट घालून पायरीवर बसलो होतो. दुपारी निरोप आला, मंडळीतली एक आजी गेल्या. बाबा गेले. मयत ताटकळत ठेवता येत नाही, हे मला दहाव्या वर्षीही कळत होतं. त्या आजींचा मला राग नाही.

राग आहे तो दुसऱ्या गोष्टीचा. एका वर्षी बाबांनी आठ दिवसांची रजा मागितली. कमिटीत एक वडीलजन म्हणाले, "मेंढपाळाला कसली आलीय सुट्टी?" सगळे हसले. बाबाही हसले आणि अर्ज खिशात घालून घरी आले. तो अर्ज मी बघितलाय, चार घड्या घातलेला. मार्काच्या सहाव्या अध्यायात प्रभू स्वतः शिष्यांना म्हणतो की एकांती चला, थोडा विसावा घ्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती. हे त्या कमिटीला माहीत नव्हतं का? मंडळीच्या लोकांनी हा धागा वाचत असाल तर तुमच्या पाळकांना रजा मागायला लावू नका. तुम्हीच द्या.

धागाकर्ती

दादा, लिहिलंत ते बरं केलंत. त्याच अध्यायात पुढे लोक पायी धावत त्यांच्या आधीच पोचतात आणि प्रभूला त्यांचा कळवळा येतो. मी लहानपणी तो भाग ऐकला की शिष्यांचा विचार करायचे. त्यांची होडीतली वाट तेवढीच त्यांची सुट्टी.

कोडोली, बायबलबाईची नात

आजी पायी फिरायची, जमलं तर बैलगाडीनं. पिशवीत पवित्र शास्त्र, चष्मा, शेंगदाण्याचे लाडू. ती नेहमी सांगायची ती गोष्ट ११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या भूकंपाची. पहाटे ती एका अनोळखी गावात अनोळखी घरी झोपलेली. भांडी फळीवरून खाली आली. घरातल्या सासूबाईंनी आपल्या नातवंडांच्या आधी आजीच्या हाताला धरून बाहेर काढलं, कारण "पाव्हणी आपल्या भरवशावर आलीया". सगळा गाव उजाडेपर्यंत अंगणात शेकोटी करून बसला होता आणि त्या रात्री आजीनं उपदेश केला नाही, सगळ्यांसाठी चहा केला. माझी आई तेव्हा कोडोलीत शेजाऱ्यांकडे होती, सहा वर्षांची. आईची आठवण वेगळी आहे: चार दिवस तिला आपली आई जिवंत आहे की नाही हे माहीत नव्हतं. दोन्ही आठवणी आमच्या घरात आहेत आणि आजी पहिली सांगायला लागली की आई उठून आत जायची.

गाण्याच्या संचातला तबलजी, गोकुळ शिरगाव

मी काय पाळक न्हाई. गाडी चालवतो आणि तबला वाजवतो, अठरा वर्सं झाली. ऊसतोड, गुऱ्हाळं चालू असली की मानसं रात्री नवाला मोकळी हुत्यात, म्हंजे सभा बाराला सुटनार. थोरली पोरगी तबल्याच्या पिशवीवर डोकं ठेवून झोपायची. अजूनबी तबला ऐकला की तिला झोप येती म्हनती.

बोलायचं हाय पैशाचं. डिझेल कोन देनार हे कुनी आधी बोलत न्हाई. पाकीट हातात देत्यात, फोडून बघितलं की जायचा खर्चबी निघत न्हाई. देनाऱ्याची दानत नसती असं न्हवं, त्यानं पोटाला चिमटा काढून दिलेलं असतंय. पन बोलावनाऱ्या संस्थेनं तर हिशोब करावा का नको? एका मोठ्या संस्थेनं तीन जिल्ह्यांत फिरवलं आनि शेवटाला प्रार्थना करून पाठवलं. घरात पोरीची फी थांबलेली. मी दोन वर्सं समदं सोडून एमआयडीसीत कामाला लागलो. बायकोच म्हनली, तबला वाजवा, पन आधी बोलून घ्या. आता पयल्या फोनवरच इचारतो. कुनालाबी राग आल्याला न्हाई. आनि वर्साचं कॅलेंडर आलं की बायको लाल पेनानं सात दिस गोल करती. त्या सात दिसांत कुनाचाबी फोन आला तरी तबला गवसणीतच.

मिरजेहून

आमची सहल म्हणजे मिरजच होती, तेव्हा आम्ही शिरोळ तालुक्यात. आईची तपासणी वानलेस हॉस्पिटलात, १८९४ पासूनचं ते, आणि तोवर बाबा आम्हाला घेऊन पेटीचे सूर लावायला सतारमेकर गल्लीत. भोपळे टांगलेले, लाकडाचा भुसा, आणि एकेक तार छेडून बघणारे आजोबा. त्यांनी एकदा माझ्या हातात तंबोरा दिला होता. यापेक्षा मोठ्या सहलीची मला कधी गरज वाटली नाही.

पाळकांची पत्नी, कोल्हापूर शहर

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही लग्नानंतर पहिल्यांदा चार दिवस बाहेर गेलो, नणंदेकडे पुण्याला. परत येताना पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता बंद झाला. वडगावात ओळखीच्यांकडे राहिलो. बाहेर ट्रकची रांग संपत नव्हती. यांचा जीव मंडळीत. शिरोळकडच्या आमच्या माणसांच्या घरांत पाणी, कुणाचा फोन लागायचा, कुणाचा नाही. पहिल्या दिवशी सारखे दारापर्यंत जाऊन परत यायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीनं भेंड्या लावल्या आणि हे खाली बसले. "ळ" आला की नेहमी तेच अडायचे. मुलं हसत होती आणि मी बघत होते. लोकांची घरं पाण्यात असताना या दिवसांना सुट्टी म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण माझ्या मुलांना बाबांबरोबर इतक्या संध्याकाळी लागोपाठ त्याआधीही कधी मिळाल्या नव्हत्या आणि नंतरही नाहीत. पाणी ओसरल्यावर चौघंही शिरोळला गेलो, गाळ काढायला. मुलगा घमेली उचलत होता. भिजलेलं उपासना संगीत, आमचं गीतांचं पुस्तक, पान पान सोडवून त्यानं दोरीवर वाळत घातलं.

शेजारीण

आम्ही ख्रिस्ती नाही. पण आमच्या शेजारच्या पाळकांच्या घराची किल्ली वीस वर्षं आमच्याकडे असते. ते गेले की तुळशीला पाणी घालावं तसं मी त्यांच्या जास्वंदीला घालते. माझे सासरे वारीला जायचे तेव्हा सासूबाई जसं दार बघत बसायच्या, तसंच त्या वहिनी मागं राहिल्या की बसतात. एवढंच सांगायचं होतं.

धागाकर्ती

पाळकीणबाईंना हा सगळा धागा दाखवला. लाल पेनाची कल्पना त्यांनी लगेच उचलली आणि वडीलजनांपैकी दोघांशी मी स्वतः बोलले. ऑक्टोबरमधले सहा दिवस ठरलेत. त्या रविवारी उपासना वडीलजन चालवतील.

काल रात्री बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. एक्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून पलंगावर त्यांच्या कानाशी बसून वाचलं. वेंगुर्ल्याचा भाग आला तेव्हा त्यांनी हातानं थांबवलं. मला वाटलं, आईची आठवण आली. ते म्हणाले, "मोजा निळा होता."

पुढच्या सोमवारी भाऊ गाडी घेऊन येतोय. आज सकाळपासून बाबांनी तीनदा विचारलं, किती वाजता उठायचं.