ऑटोपायलट चालू आणि योक वाकडा: कोणता ट्रिम?

शिकाऊ७३७
बोइंग ७३७ च्या सिम्युलेटरमध्ये क्रूझला (उंचीवरच्या सरळ उड्डाणात) पंख समतल, हेडिंग (दिशा) पक्कं, पण योक (विमान कलवायचं हँडल) थोडा डावीकडे कललेला. मी एलेरॉन ट्रिमकडे (एलेरॉन म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या झडपा; ट्रिम त्यांना थोडं वळवून तसंच ठेवतो) हात नेला आणि इन्स्ट्रक्टर ओरडले. का?

जुना_कॅप्टन
ओरडायलाच हवं होतं! ७३७ वर ऑटोपायलट चालू असताना एलेरॉन ट्रिमला मनाई आहे. तू ट्रिम देशील, ऑटोपायलट तो दाबून पंख समतल धरेल, तुला काहीच कळणार नाही. मग ऑटोपायलट सुटला की दिलेला सगळा ट्रिम एकदम लागू होतो आणि विमान कलतं.

आधी दोन्ही इंजिनांचा थ्रस्ट (जोर) सारखा कर, दोन्ही पंखांतलं इंधन बघ. मग योक ज्या बाजूला झुकलाय त्याच बाजूला रडरचा (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी झडप) ट्रिम, थोडा थोडा. योक सरळ झाला की थांब. क्रूझमध्ये या ऑटोपायलटच्या हातात रडर नसतो, त्यामुळे नाक वाकडं असलं तरी तो एलेरॉननेच सावरत बसतो. चायना एअरलाइन्सचं ००६ उड्डाण आठवा, १९८५. ७४७ चं चौथं इंजिन बंद पडलं, ऑटोपायलट एलेरॉनने झुंजत राहिला, रडर कोणी दिलाच नाही. ४१,००० फुटांवरून विमान उलटंपालटं होत सुमारे ९,५०० वर सावरलं.

साइडस्टिक
आमच्या एअरबस ए३२० मध्ये एलेरॉन ट्रिमच नाही, आणि ऑटोपायलट असताना रडर ट्रिमची मूठ फिरवली तरी काही होत नाही. सुखी आहोत.

मागची_सीट
मूठ बघून धरा मात्र. २०११ मध्ये ऑल निप्पॉन एअरवेजच्या ७३७ वर सहवैमानिकाने कॉकपिटचं दार उघडायच्या स्विचऐवजी रडर ट्रिम फिरवला. विमान जवळजवळ उलटं झालं.

शिकाऊ७३७
मग एलेरॉन ट्रिम ठेवलाय कशाला, सर?

जुना_कॅप्टन
खरोखर एक पंख जड असेल तेव्हासाठी. एका बाजूला इंधन जास्त, फ्लॅप (पंखांमागच्या, उतरताना-चढताना बाहेर येणाऱ्या पट्ट्या) असमान, एखादा स्पॉयलर (पंखावरची, उचलबळ कमी करणारी पट्टी) उचललेला. तेव्हा योक घट्ट धरून ऑटोपायलट काढ, हाताने पंख समतल कर, आणि मगच हातावरचा भार उतरवायला ट्रिम दे. एलेरॉन ट्रिमचे दोन्ही स्विच एकदम दाबावे लागतात, तेही मुद्दामच. ट्रिम फक्त योकचा मध्य सरकवतो, एलेरॉनला जास्तीची ताकद देत नाही. पूर्ण योक देऊनही पंख उचलत नसेल, तर ट्रिमशी खेळू नकोस, वेग वाढव.

आणि एका इंजिनावर उतरताना दिलेला रडर ट्रिम विसरू नकोस. फ्लेअरमध्ये (जमिनीला टेकण्याआधी नाक उचलताना) थ्रस्ट काढलास की तोच ट्रिम नाक दुसरीकडे ओढतो. पाय तयार ठेव.