तुमच्या कथेतलं ते पात्र खरं म्हणजे कोण आहे?

काल भाचीचा फोन. माझी एक जुनी कथा तिच्या हाती लागली आणि विचारते, "मावशी, यातल्या तारावहिनी म्हणजे आपली आजी ना गं?" आजी म्हणजे माझी आई. आई विणायला बसली की टाके मोठ्याने मोजायची आणि आम्हाला रागवायचं असलं तरी मोजणी थांबायची नाही. "सत्तावीस, अठ्ठावीस, तो दिवा कोण घालवणार, एकोणतीस, मी बघतेय हं, तीस." तारावहिनींना मी नोकरी दिली, तापट नवरा दिला, मूलबाळ दिलं नाही, म्हणजे आईचं तसं काहीच नाही, फक्त हे मोजणं जसंच्या तसं उचललं. आईने तेव्हा कथा वाचली होती आणि म्हणाली, "अगदी तुझ्या आत्यासारखी आहे गं ही बाई!" आत्याने जन्मात सुई हातात धरलेली नाही. पण आई हे इतक्या खात्रीने म्हणाली की मी काही बोललेच नाही.
इथे लिहिणारे बरेच आहात. मित्र, भावंडं, आजोबा, कुणाला ना कुणाला घेतलं असेलच. सांगा ना. त्यांना कळलं का, काय म्हणाले?

कागदीहोडी:
हाहा आत्या! माझी मैत्रीण मागेच लागलेली, मला घे मला घे. घेतलं. पण एका म्हाताऱ्या वकिलात. तिची उत्तर मिळालं तरी तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारायची सवय आहे ना, ती त्या वकिलाला दिली. तिने सगळ्या बायका शोधल्या कथेतल्या, ही मी का, ती मी का. तिच्या नवऱ्याने पहिल्याच पानावर ओळखलं आणि तो अजून हसतोय.

निळीशाई:
@कागदीहोडी बेस्ट. बाई आहे तर पुरुष कर, तरुण आहे तर म्हातारा कर, बोलण्याची ढब मात्र सोडू नकोस, मीही असंच करते. मुलगा उठला, नंतर लिहिते

जुनावाचक:
या विषयावर मला इंग्रज कादंबरीकार डिकन्स आठवतोच. त्याच्या 'डेव्हिड कॉपरफिल्ड'मधला मिकॉबर त्याच्या वडिलांवरून, ते कर्जापायी १८२४ साली तुरुंगात गेले तेव्हा हा १२ वर्षांचा होता. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती मिस माउचर. 'डेव्हिड कॉपरफिल्ड' महिन्या महिन्याने छापून येत होती, त्यात ही ठेंगणी बाई जरा संशयास्पद रंगवलेली. त्याच्याच शेजारच्या एका बाईने १८४९ मध्ये तो भाग वाचला, स्वतःला ओळखलं आणि त्याला पत्र लिहिलं की मला किती लागलंय. आणि डिकन्सने पुढच्या एका भागात पात्र बदललं, तिला चांगली केली! एवढा मोठा लेखक, कादंबरी अर्ध्यात, तरी बदललं. मला याबद्दल त्याचं फार कौतुक आहे.

रानजाई:
मी उलट्या बाजूची. चुलत बहिणीने मला लिहिलंय. आजोबांच्या आजारपणात मी कुणाशी बोलत नव्हते, नुसती त्यांच्या उशाशी बसून औषधांच्या रिकाम्या पट्ट्यांची चांदी सोलून गुळगुळीत करायचे, ढीग झाला होता. ते तिने बघितलेलं हे मला माहीतच नव्हतं. छापायला देण्याआधी तिने मला वाचायला दिलं आणि म्हणाली, नको असेल ते खोड. एक वाक्य खोडलं, कुठलं ते सांगत नाही. चांदीचं ठेवलं. कुणीतरी आपल्याकडे इतकं नीट बघत होतं याचं मला बरं वाटलं. लिहिणाऱ्यांनो आधी दाखवत जा, एवढंच मागणं आहे.

कागदीहोडी:
@रानजाई काटा आला वाचून 🙏

मधलीसुट्टी:
मग ते "सर्व पात्रे काल्पनिक असून साम्य आढळल्यास योगायोग समजावा" कशाला लिहितात 😄

जुनावाचक:
ते कोर्टासाठी. सासरच्यांसाठी चालत नाही.

मधलीसुट्टी:
😂😂 अवांतर, फॉन्ट बारीक झालाय का आज सगळ्यांना? की माझाच चष्मा

रानजाई:
चष्मा. माझा नंबर परवाच वाढला

अबोली_२:
माझ्या मैत्रिणीचं आणि माझं आता बोलणं नाही, कारण मोठं नव्हतं, झालं तसं. कादंबरीत ती आहे. ती निघताना कधी "निघते" म्हणायची नाही, "चल, तू नीघ आता" म्हणायची, म्हणजे घर माझं, दारात मी उभी आणि मलाच निघायला सांगतेय. हे वाक्य लिहिलं आणि पुढचं प्रकरण अडकलं ते अडकलंच. खरी ती आता कशी बोलत असेल मला माहीत नाही आणि नवीन वाक्यं तिच्या तोंडी घालवत नाहीत.

निळीशाई:
@अबोली_२ अगं 😔 घाई करू नकोस. एक सुचवू? तिच्यात अजून कुणाला तरी मिसळ. 'लिटल विमेन'मधला लॉरी आहे ना, लेखिका अल्कॉटने स्वतः मित्राला पत्रात कळवलेलं की लॉरी म्हणजे तू आणि माझा पोलिश मित्र असे दोघं मिळून आहात. दोघं मिळून झाले की तो तिसराच होतो, मग त्याला हवं ते बोलायला लावता येतं. एकाच माणसाशी इमान राखत बसलं की लेखणी हलत नाही, माझंही आजोबांच्या बाबतीत हेच झालेलं. मुलगा परत झोपला म्हणून एवढं टाइप करता आलं

अबोली_२:
बहिणीला मिसळून बघते. तीही अशीच दारात रेंगाळते. थँक्यू गं

पाऊलवाट:
उशिरा आलो, सगळं वाचलं नाही. मी मोठ्यांसाठी नाही लिहीत, घरच्या पोरांना रात्री गोष्टी रचून सांगतो. त्यातलं अस्वल खोलीत यायच्या आधी बाहेरूनच खोकतं. पोरांनी लगेच पकडलं, हा तर मामा! आता मामा जिन्यात खोकला की आतून "अस्वल आलं, अस्वल आलं" सुरू. तो इतका खूश की मुद्दाम थांबून दोनदा खोकतो. सध्या पुढचे भाग तोच सांगतोय आणि अस्वल राजा झालंय, त्याला कुणी हरवूच शकत नाही.

मधलीसुट्टी:
मामाला इथे घेऊन या, अस्वलाची गोष्ट पहिल्यापासून हवी आहे